वेग व्होल्टचा, जोर अँपिअरचा: टिनाच्या शेडमधल्या राऊटरची स्टेपर मोटर नीट बसवताना

नव्या सीएनसी राऊटरची, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर लाकूड कोरणाऱ्या मशीनची, पहिली तक्रार बहुधा एकच असते. हळू चालवलं की सगळं सुरळीत, वेग वाढवला की स्टेपर मोटर (ठरलेल्या छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने, फिरणारी) गुणगुणते आणि जागीच थरथरते. मग ड्रायव्हरवरचे, म्हणजे मोटरला करंट देणाऱ्या बोर्डावरचे, बारके स्विच हलवून करंट वाढवला जातो. मोटर हात लावू देत नाही इतकी तापते, पण वेगात काही फरक पडत नाही. करंट वाढवून तो पडणारही नव्हता. हळू चालताना मोटरचा जोर करंटवर ठरतो, वेगात तो जोर किती टिकेल हे सप्लायच्या व्होल्टेजवर ठरतं. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर अर्धी दुरुस्ती कागदावरच होते.

त्यात आपल्याकडे विदर्भात दोन अडचणी जास्तीच्या आहेत: मे महिन्यात टिनाखाली ४५-४६ अंशांचं ऊन, आणि गावातली कमी-जास्त होणारी लाईन. मोटरच्या कागदावरचे आकडे यातलं काही धरून लिहिलेले नसतात.

पुढचा सगळा हिशोब एका ठराविक मशीनवर केला आहे. सागवानावर नक्षी काढणारा तीन अक्षांचा राऊटर, लांबीच्या बाजूला दोन धरून एकूण चार नेमा २३ मापाच्या मोटरी, प्रत्येक फेऱ्याला ५ मिलिमीटर सरकणारा बॉलस्क्रू, डीएम५४२ जातीचे ड्रायव्हर आणि अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर चालणारं, ड्रायव्हरला स्टेपचे पल्स देणारं जीआरबीएल सॉफ्टवेअर. तुमचं मशीन वेगळं असेल तर आकडे बदला, रीत तीच राहील.

आधी मोटरचा कागद वाचा

५६ मिलिमीटर लांबीच्या नेहमीच्या नेमा २३ मोटरवर साधारण असे आकडे असतात: २.८ अँपिअर प्रति फेज, ०.९ ओहम, २.५ मिलीहेन्री, २.५ व्होल्ट, होल्डिंग टॉर्क (उभ्या मोटरचा धरून ठेवायचा जोर) १.२६ न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे १३ किलो-सेंटीमीटर, आणि एका फेऱ्याला २०० स्टेप.

यातला २.५ व्होल्टचा आकडा सगळ्यांना चकवतो. तो सप्लायचा आकडा नाही. २.८ ला ०.९ ने गुणल्यावर जे येतं तेच तिथे छापलेलं असतं: मोटर जागेवर उभी असताना कॉइलमधून २.८ अँपिअर वाहायला इतके व्होल्ट पुरतात, एवढाच त्याचा अर्थ. २.५ व्होल्टची मोटर २४ किंवा ३६ व्होल्टवर चालवायची म्हटलं की माणूस दचकतो. पण मधला ड्रायव्हर चॉपर पद्धतीचा असतो. तो कॉइलला पूर्ण व्होल्टेज देतो, करंट ठरलेल्या आकड्यापर्यंत चढला की तोडतो, उतरला की परत जोडतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. म्हणून मोटर जळत नाही.

एल२९८ सारखं चॉपिंग न करणारं साधं बोर्ड मध्ये घातलं तर मात्र करंट अडवणारं कोणी उरत नाही. ०.९ ओहमच्या कॉइलवर १२ व्होल्ट थेट गेले की आधी बोर्ड जातं. २८बीवायजे-४८ ही छोटी पाच व्होल्टची मोटर वेगळ्या जातीची. तिची कॉइल ५० ओहमच्या आसपास असल्याने पाच व्होल्टवर करंट आपोआप ०.१ अँपिअरवर थांबतो. तिला छापलेलंच व्होल्टेज द्यायचं.

कागद हरवला असेल तर मल्टिमीटर काढा. चार तारांपैकी ज्या दोन तारांमध्ये ओहम दाखवतो ती एक कॉइल. मीटर नसेल तर कोणत्याही दोन तारा एकमेकींना जोडून शाफ्ट हाताने फिरवा. शाफ्ट जड लागला म्हणजे जोडी बरोबर. एक ओहमच्या आतलं मोजमाप साध्या मीटरवर फसवं येतं. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा बघा आणि तो वजा करा.

व्होल्टेज वाढवलं की वेग का मिळतो

ठिबकचं उदाहरण घ्या. व्हॉल्व्ह उघडला तरी लॅटरलच्या शेवटच्या ड्रिपरला पाणी लगेच सुटत नाही, नळी भरायला वेळ लागतो. दर मिनिटाला व्हॉल्व्ह उघड-बंद करत राहिलात तर शेवटचं झाड कोरडंच राहील. नळी लवकर भरायची तर पंपाचा दाब वाढवावा लागतो. कॉइलमध्ये करंट असाच हळूहळू चढतो. हा चढ अडवणारा गुण म्हणजे इंडक्टन्स, कागदावर मिलीहेन्रीत दिलेला.

मिलीहेन्रीला ओहमने भागलं की चढाचा अंदाज मिळतो. आपल्या मोटरसाठी २.५ भागिले ०.९, म्हणजे सुमारे २.८ मिलीसेकंद. नुसत्या २.५ व्होल्टवर एवढ्या वेळात करंट ६३ टक्क्यांपर्यंतच पोचतो. इकडे मिनिटाला ३०० फेऱ्यांवर एका स्टेपला मिळतो फक्त १ मिलीसेकंद. करंट चढायच्या आतच कॉइल बदलते, जोर तयारच होत नाही आणि मोटर अडकते.

व्होल्टेज दहा-पंधरापट ठेवलं की चित्र पालटतं. शून्यापासून पूर्ण करंटपर्यंतचा वेळ असा काढा: हेन्री गुणिले अँपिअर, भागिले सप्लायचे व्होल्ट. ०.००२५ गुणिले २.८ म्हणजे ०.००७. हे १२ व्होल्टवर ०.५८ मिलीसेकंद, २४ वर ०.२९ आणि ३६ वर ०.१९ येतं.

यावरूनच कोणत्या वेगानंतर जोर ढासळू लागेल तेही काढता येतं. व्होल्टेजला दोन गुणिले हेन्री गुणिले अँपिअर गुणिले २०० ने भागा, उत्तर सेकंदाला किती फेरे असं येतं. आपल्या मोटरसाठी १२ व्होल्टवर मिनिटाला सुमारे २५७ फेरे, २४ वर ५१४, ३६ वर ७७१. हे कागदावरचे फेरे आहेत. मोटर फिरताना स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते, ते सप्लायमधून वजा होतं, शिवाय घर्षण आणि कापायचं लाकूड आहेच. म्हणून यातले दोन तृतीयांश धरा. ५ मिलिमीटरच्या स्क्रूवर मग १२ व्होल्टला मिनिटाला सुमारे ८५० मिलिमीटर, २४ ला १,७०० आणि ३६ ला २,५५० मिलिमीटर असा कामाचा वेग मिळतो.

मग १०० व्होल्टच का देऊ नयेत? त्याला दोन बंधनं आहेत. पहिलं मोटरचं. व्होल्टेज वाढलं की गाभ्यातल्या लोखंडाचं तापणं वाढतं. रूढ हिशोब असा, की मिलीहेन्रीचं वर्गमूळ काढून ३२ ने गुणायचं, २.५ साठी सुमारे ५० व्होल्ट येतात, त्यावर जायचं नाही. दुसरं बंधन ड्रायव्हरचं, आणि बहुतेक वेळा तेच आधी आडवं येतं. डीएम५४२ ची हद्द ५० व्होल्ट. जड गॅन्ट्री (मशीनची सरकती कमान) झपकन थांबते तेव्हा मोटर जनरेटर होऊन व्होल्टेज उलट सप्लायकडे ढकलते. त्या उसळीला जागा ठेवावी लागते. म्हणून डीएम५४२ ला ३६ व्होल्ट चांगले, ४८ चा मोह टाळा. टीबी६६०० नावाने मिळणाऱ्या स्वस्त ड्रायव्हरवर ४० किंवा ४२ व्होल्ट लिहिलेले असतात. आमच्या मते त्याला २४ च द्यावेत आणि वेग कमी धरावा. दोन ड्रायव्हरच्या किमतीतला फरक पहिला ड्रायव्हर उडाला की भरून निघतो.

आठ तारांची मोटर असेल तर कॉइल पॅरलल जोडा. सीरिज जोडणीत इंडक्टन्स चौपट होतो आणि वरचं सगळं गणित बिघडतं.

करंट बसवणे, उन्हाळा धरून

डीएम५४२ वर पहिले तीन स्विच करंटचे. तक्त्यात प्रत्येक ओळीला दोन आकडे असतात, पीक (शिखराचा) आणि आरएमएस (उष्णतेच्या हिशोबाचा सरासरी): १.००, १.४६, १.९१, २.३७, २.८४, ३.३१, ३.७६ आणि ४.२० अँपिअर पीक. २.८४ पीक म्हणजे २.०३ आरएमएस.

मोटरवरचे २.८ अँपिअर दोन्ही कॉइलमध्ये एकाच वेळी सतत वाहणाऱ्या करंटचे असतात. मायक्रोस्टेपिंगमध्ये (एका स्टेपचे बारीक भाग करून चालवताना) एक कॉइल शिखरावर असते तेव्हा दुसरी शून्यावर. त्यामुळे २.८४ पीकवर कागदावरच्या टॉर्कच्या साधारण ७० टक्केच टॉर्क मिळतो, पण उष्णताही जवळजवळ निम्मी होते. पूर्ण करंटवर दोन कॉइलमध्ये मिळून सुमारे १४ वॉट जळतात, २.८४ पीकवर साडेसात. थंड खोलीत ३.७६ पर्यंत नेता येतं. विदर्भातल्या शेडमध्ये २.८४ वर सुरुवात करा, आणि हळू वेगातही मोटर चुकत असेल तरच ३.३१ वर जा.

ही काटकसर का, तेही बघा. बहुतेक स्टेपर मोटरींचं इन्सुलेशन १३० अंशांच्या वर्गाचं असतं आणि बाहेरून ८० अंशांपर्यंत तापलेली मोटर चालते असं मानतात. समजा डिसेंबरात २५ अंशांच्या हवेत मोटर ६० वर स्थिरावली. म्हणजे वाढ ३५ अंशांची. तीच मोटर, तेच काम, मे महिन्यात टिनाखाली ४६ अंश: ८१. त्यात तांब्याचा ओहम दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो आणि ड्रायव्हर करंट तोच ठेवतो, त्यामुळे उष्णता आणखी थोडी चढते. मोटरच्या बैठकीला थ्रीडी प्रिंट केलेला पीएलएचा भाग असेल तर तो ६० अंशांनाच मऊ पडतो. तिथे अल्युमिनियमची पट्टीच लावा.

उष्णता करंटच्या वर्गाने बदलते हे इथे कामाला येतं. करंट १५ टक्के कमी केला तर जोर १५ टक्के जातो, पण उष्णता २८ टक्के उतरते. उन्हाळ्यापुरता एक खाच खाली, २.३७ वर आणून वेगाची घाई थोडी कमी केली तर मशीन दुपारभर चालतं.

तापमान बोटाने ठरवू नका. ५५ अंशांनाच हात मागे येतो, आणि ते मोटरसाठी काहीच नाही. कपाळावर धरायची कोरोना काळातली थर्मामीटर गनही कामाची नाही, ती ४३ च्या आसपास हात टेकते. औद्योगिक इन्फ्रारेड गन घ्या. चकचकीत धातूवर तीही कमी आकडा दाखवते, म्हणून मोटरच्या अंगावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा. तासभर काम झाल्यावर ७० च्या आत असेल तर निश्चिंत राहा.

चौथा स्विच ऑफ ठेवला की मोटर थांबल्यावर करंट आपोआप निम्मा होतो. तो ऑफच ठेवा. बिट बदलताना, लाकूड बसवताना मोटरी उगाच तापत नाहीत. फक्त उभ्या अक्षावर स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) जड असेल आणि तो हळूच खाली सरकत असेल तर त्या एका ड्रायव्हरचा चौथा स्विच ऑन करा.

ए४९८८ सारख्या छोट्या बोर्डावर स्विच नसतात, स्क्रूड्रायव्हरने बोर्डावरचा बारका पॉट फिरवून व्हीरेफ, म्हणजे करंटची हद्द ठरवणारं व्होल्टेज, बसवावा लागतो. बोर्डावरचे दोन सेन्स रेझिस्टर बघा. आर१०० लिहिलं असेल तर व्हीरेफ म्हणजे हव्या असलेल्या करंटच्या ०.८ पट, आर०६८ असेल तर ०.५४४ पट. १ अँपिअरसाठी अनुक्रमे ०.८ आणि ०.५४ व्होल्ट. कोणता रेझिस्टर आहे हे न बघता आकडा बसवला तर करंट दीडपटीने चुकतो. डीआरव्ही८८२५ वर व्हीरेफच्या दुप्पट करंट. ही बोर्डं हीटसिंकशिवाय १ ते दीड अँपिअरच्या वर उन्हाळ्यात टिकत नाहीत, आणि सप्लायच्या पिनांजवळ ५० व्होल्टचा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्याशिवाय त्यांना लाईन देऊच नये. लांब तारेने सप्लाय अचानक जोडला की क्षणभर दुपटीजवळ उसळी येते आणि ३५ व्होल्टचा ए४९८८ तिथेच संपतो.

कोणताही ड्रायव्हर असो, लाईन चालू असताना मोटरची तार काढायची नाही. तुटत्या करंटची ठिणगी ड्रायव्हरच्या आतच पडते.

एसएमपीएस (मोटरींना डीसी देणारा सप्लाय) किती मोठा

चार मोटरींचे करंट जोडले तर ११.२ अँपिअर होतात. त्याचे दोन तृतीयांश, साडेसात. ३६ व्होल्ट ९.७ अँपिअरचा ३५० वॉटचा एसएमपीएस पुरतो.

इथे एक गैरसमज नेहमीचा. सप्लायच्या तारेत मीटर लावला की एका मोटरमागे अर्धा अँपिअरही दिसत नाही, आणि ‘मोटरला करंटच जात नाही’ म्हणून पॉट फिरवला जातो. चॉपर ड्रायव्हर जास्त व्होल्ट, कमी अँपिअर घेऊन कॉइलला कमी व्होल्ट, जास्त अँपिअर देतो. उभी मोटर जेमतेम सात-आठ वॉट खाते. ३६ व्होल्टवर ते ०.२ अँपिअर झाले. सप्लायच्या तारेवरून मोटरचा करंट कळत नाही.

एसएमपीएसच्या कडेला ११५/२३० चा लाल स्विच असतो. लाईन जोडण्याआधी तो २३० वर आहे ना, हे डोळ्यांनी बघा. ११५ वर राहिला तर पहिल्याच क्षणी आतले कपॅसिटर फुटतात. बहुतेक एसएमपीएस ५० अंशांपुढे पूर्ण वॉट देत नाहीत, म्हणून त्याची पेटी भिंतीच्या सावलीच्या बाजूला लावा. सागवानाचा भुसा आणि जिनिंगजवळच्या गावात कापसाची तंतूधूळ पंख्यात अडकते. आठवड्याला ब्लोअर मारा.

लाईन

महावितरणची लाईन कागदावर २३० व्होल्ट. संध्याकाळी किंवा कृषीपंप सुरू झाल्यावर शेडमध्ये किती उरते ते दोन-तीन दिवस मीटरने मोजून लिहून ठेवा. एसएमपीएस साधारण १८० व्होल्टच्या खाली डगमगतो. लाईन सतत त्याच्या आसपास असेल तर फक्त एसएमपीएससाठी १ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा. स्पिंडल त्यावर नको, तो वेगळ्या सर्किटवर. राऊटर गावठाण फीडरवर ठेवा, कृषी फीडरवर नको.

डीपीकडचा न्यूट्रल तुटला तर एसएमपीएस दोन फेजमध्ये येतो आणि त्याला २३० च्या जागी ४०० कडे जाणारं व्होल्टेज मिळतं. त्यासाठी डीआयएन रेलवर बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले बोर्डात असावा. अर्थिंगचंही बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खड्ड्याचा रोध वाढतो. मार्चपासून खड्ड्यात नियमित पाणी घाला. एसएमपीएसचं अंग आणि मशीनची फ्रेम, दोन्हींना अर्थ जोडा.

सगळ्यात महाग पडणारी चूक लॅपटॉपची. लाईन गेली की मोटरी थांबतात, पण लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो आणि जीआरबीएल यूएसबीच्या करंटवर पुढचे स्टेप मोजत जातं. दहा सेकंदांनी लाईन येते, मशीन चुकीच्या जागेवरून नक्षी पुढे चालू करतं आणि फळी वाया जाते. उपाय स्वस्त आहे: आठ पायांचा २३० व्होल्ट कॉइलचा रिले एसएमपीएसच्या इनपुटला समांतर लावा आणि त्याचा नॉर्मली क्लोज्ड संपर्क उनोच्या ए१ पिन आणि ग्राउंडमध्ये जोडा. लाईन गेली की फीड होल्ड लागतो, म्हणजे जीआरबीएल पुढचे स्टेप देणं थांबवतं. मोटरींची जागा गेलेलीच असते, म्हणून परत होमिंग (शून्य जागा शोधणं) करावं लागेल, पण बिट लाकडात घुसत नाही. पूर्ण लाईन जाण्यापुरताच हा उपाय आहे. व्होल्टेज नुसतं खचलं तर रिले चिकटूनच राहतो, तिथे वरचा अंडर-व्होल्टेज रिलेच कामी येतो.

चाचणी आणि दोष ओळखणे

ड्रायव्हर १/८ मायक्रोस्टेपवर ठेवा. २०० गुणिले ८ भागिले ५, म्हणजे मिलिमीटरला ३२० स्टेप. जीआरबीएलमध्ये त्वरण म्हणजे $१२० ला १०० वर ठेवून कमाल वेग $११० मिनिटाला ८०० मिलिमीटरपासून सुरू करा. २०० मिलिमीटर पुढे-मागे अशा २० फेऱ्या द्या आणि शेवटी सुरुवातीच्या खुणेवर डायल गेज लावा. चूक नसेल तर वेग दहा-दहा टक्क्यांनी वाढवत जा. मोटर जिथे अडकेल त्याच्या ७० टक्क्यांवर कायमचा वेग ठेवा. मग त्वरण तसंच वाढवत न्या. आडव्या अक्षांची चाचणी झाली की उभा अक्ष स्पिंडलच्या वजनासह वेगळा तपासा.

डायल गेजवरची चूक किती, यावरून कारण ओळखता येतं. स्टेपर मोटरची लय तुटली की ती चार पूर्ण स्टेपच्या पटीत घसरते, म्हणजे ७.२ अंश. ५ मिलिमीटरच्या स्क्रूवर ते बरोबर ०.१ मिलिमीटर. चूक ०.१, ०.२, ०.५ अशी येत असेल तर मोटर घसरतेय. ०.०३, ०.०७ अशी कशीही येत असेल तर कपलरचा (मोटर आणि बॉलस्क्रू जोडणाऱ्या तुकड्याचा) ग्रब स्क्रू, बॉलनटची ढील किंवा पल्सच्या तारेत शिरलेला नॉइज बघा. पल्सची तार स्पिंडलच्या तारेला चिकटून जात असेल तर ती आधी बाजूला करा.

मोटर घसरतेय हे नक्की झालं की, कुठल्या वेगाला घसरते ते बघा. मिनिटाला ३००-४०० मिलिमीटरवरही बिट रुतताच घसरत असेल तर करंट कमी आहे, किंवा कापाची खोली जास्त आहे. फक्त वेगात घसरत असेल तर व्होल्टेज. चालू कामात लाईन खचली तरी लक्षण हेच दिसतं, म्हणून त्या वेळी एसएमपीएसच्या आउटपुटला मीटर ठेवा. ३६ चे ३० होताना दिसले तर मोटरला दोष देऊ नका. एकाच ठराविक वेगाला मशीन घोंगावत असेल आणि त्याच्या वर-खाली शांत असेल तर तो रेझोनन्स. तिथे मायक्रोस्टेप १/१६ करा, नाहीतर त्या वेगात काम करणं टाळा. करंट एक खाच कमी केल्यानेही तो निवळतो, मात्र हे पटकन कोणी मान्य करत नाही.

आणि सकाळी व्यवस्थित चालून दुपारी दोनलाच चुकणारं मशीन असेल तर ड्रायव्हरकडे बघा, तो तापून स्वतःला बंद करून परत सुरू होत असतो. चारही ड्रायव्हर एकमेकांना चिकटवून आडवे बसवलेले असतील तर उभे करा, मध्ये दोन बोटं जागा सोडा आणि खालून वर वारा जाईल असा १२ सेंटीमीटरचा पंखा लावा.